टुण्याला बरं नव्हतं तेव्हा

मुलांनो, घरात कुणाला बरं नसलं की आपण काय करतो? कपाळाला हात लावून ताप पाहतो. अंगावर गोधडी घालतो. आजी हळद घातलेलं दूध देते, आई मऊ खिचडी टाकते. पण आजारी पडलेला पाहुणा बेडूक असला तर? त्याच्या कपाळाला हात लावायचा? त्याला गोधडी घालायची? हळद लावायची?

हसू नका! गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न खरोखरच माझ्यापुढे येऊन बसला, आणि तोही लोणच्याच्या बरणीत.

मी सिल्लोड तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. राहते सिल्लोडला. आमचा भाग मक्याचा, कपाशीचा आणि मिरचीचा. अजिंठ्याच्या डोंगरांवर पाऊस झाला की ओढे-नाले वाहू लागतात आणि उन्हाळाभर मातीत दडून बसलेले बेडूक वर येतात. रात्रभर ‘डराँव डराँव’ सुरू झालं, की दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विषय!

अशाच एका सोमवारी चौथीतला एक मुलगा दप्तराबरोबर एक बरणी घेऊन आला. झाकणाला खिळ्याने पाडलेली तीन भोकं आणि आत एक बेडूक. हिरवट अंग, त्यावर काळपट ठिपके आणि पाठीच्या मधोमध एक फिकट पिवळी रेघ. याला इंग्रजीत ‘इंडियन बुलफ्रॉग’ म्हणतात. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी हा एक. पूर्ण वाढला की पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब होतो. हा मात्र अजून लहान होता. माझ्या मुठीत मावेल एवढाच.

“बाई, ह्याचं नाव टुण्या. म्या पाळलाय त्याला. टुणटुण उड्या मारतो ना, म्हणून टुण्या!”

पण टुण्या उड्या मारत नव्हता. बरणीच्या तळाशी पाय पसरून बसला होता. अंगाची चकाकी गेली होती, कातडी सुकलेल्या पानासारखी दिसत होती. शेजारी भाकरीचा एक तुकडा वाळून पडला होता.

“किती दिवस झाले रे याला बरणीत ठेवून?”

“तीन दिवस, बाई. काहीच खाईना तो. भाकरी दिली, भात दिला, शेंगदाणे बी दिले.”

सगळा वर्ग बरणीभोवती जमला. त्या मुलाला पोरांनी त्याच दिवशी नवं नाव दिलं, ‘मालक’. आपणही या गोष्टीत त्याला मालकच म्हणू.

बाईंचं शहाणपण

आता बाईंनी काय केलं ते ऐका. मला वाटलं, बेडूक पाण्यातला प्राणी, सुकलाय, तर त्याला पाण्यात सोडावं. मी साबणाने हात धुतले, शाळेच्या टाकीतून टबभर पाणी काढलं आणि टुण्याला उचलून त्यात ठेवलं.

क्षणभर बरं वाटलं. मग तो पाय झाडू लागला. डोळे मिटून घेतले. आणि एकदम ढिला पडला.

“बाई, मेला का हो?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. मालक काहीच बोलला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात माझ्या नाकाला वास आला. ओळखीचा, उग्र वास. टीसीएल पावडरचा! पिण्याच्या पाण्यातले जंतू मरावेत म्हणून त्याच सकाळी टाकीत पावडर टाकलेली होती. आपल्यासाठी हे पाणी चांगलं. पण बेडकासाठी? मी घाईघाईने त्याला बाहेर काढलं. पत्र्याच्या पन्हळीखाली पावसाच्या पाण्याची बादली भरलेली होती. त्या पाण्याने त्याला हळूहळू धुतलं आणि ओल्या गोणपाटावर ठेवलं. त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली आली होती. गळा मात्र खालीवर हलत होता. म्हणजे जीव होता.

मी भल्यासाठी केलं होतं. पण नुसतं भलं करायची इच्छा पुरत नाही, समोरचा जीव कसा जगतो तेही माहीत असावं लागतं. हे मी मुलांना कितीदा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी मुलांसमोर मला स्वतःला शिकावं लागलं.

कातडीने पाणी पिणारा

शाळा सुटल्यावर टुण्याला ओल्या फडक्यासकट डब्यात घालून मी सिल्लोडला आणलं आणि थेट जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढे एक गाय, तिच्यामागे दोन शेळ्या आणि शेवटी माझा डबा. डॉक्टर आधी हसले. म्हणाले, “मॅडम, इतक्या वर्षांत बेडूक पहिल्यांदाच आलाय!” मग मात्र त्यांनी हात साध्या पाण्याने दोनदा धुतले, ओले ठेवले आणि टुण्याला तळहातावर अलगद उताणं केलं.

“निरोगी बेडूक लगेच पालथा होतो,” ते म्हणाले.

टुण्याने बराच वेळ लावला. पण झाला पालथा.

डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांडीच्या खालच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषून घेतो. म्हणजे ओल्या जमिनीवर नुसता बसला, तरी त्याची तहान भागते. त्याला फुप्फुसं असतात, पण श्वासाचं बरंचसं काम त्याची ओली कातडीही करते. अंगातल्या क्षारांचं प्रमाण सांभाळायचं कामही तिचंच. आपल्या कातडीला आपण अंगरखा म्हणू. बेडकाची कातडी म्हणजे अंगरखा, पाण्याचा माठ आणि श्वासाची खिडकी, सगळं एकच!

म्हणून कातडी सुकली की बेडकाला तहानही लागते आणि गुदमरायलाही होतं. आणि पाण्यात जे मिसळलेलं असेल ते थेट अंगात शिरतं. टीसीएलमधला क्लोरीन, साबणाचा अंश, आपल्या हाताच्या घामातलं मीठ, शेतात फवारलेलं औषध, सगळं.

“मग याला औषध काय?” मी विचारलं.

“आज तरी स्वच्छ पाणी, सावली आणि शांतता. जखम दिसत नाही. लाली वाढली, अंग सुजलं किंवा कातडीची सालपटं निघू लागली, तर घेऊन या. आणि मॅडम, घरातलं कुठलंही मलम लावू नका. आपल्या अंगावर मलम वरवर राहतं, त्याच्या अंगात ते आतपर्यंत जातं.”

घरी आले तर सासूबाई हळदीची वाटी घेऊनच पुढे आल्या. “अगं, हळद लाव त्याला. हळदीने सगळं बरं होतं.” मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्या थोडा वेळ टुण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे याला काही न लावणं हेच औषध म्हणायचं!” किती थोडक्यात सांगितलं त्यांनी!

आणखी एक फोन मी केला. आपल्या महाराष्ट्राच्या वनविभागाचा मदतीचा क्रमांक आहे १९२६. (हे साल नव्हे हं, फोन नंबर!) आजारी किंवा जखमी वन्यप्राणी सापडला की तिथे कळवता येतं. बेडूकही वन्यप्राणीच. मला सांगण्यात आलं, बरा झाला की जिथून आणला तिथेच सोडा.

टुण्याचा दवाखाना

आमच्या मोरीजवळच्या कोपऱ्यात टुण्याचा दवाखाना उघडला. एक पसरट टब घेतला. त्याच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून तो तिरका केला. त्यामुळे एका टोकाला दोन बोटं पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडी जागा झाली. बेडूक पोहतो हे खरं, पण अशक्त बेडूक खोल पाण्यात बुडू शकतो. म्हणून बसल्यावर त्याचं नाक पाण्याच्या वर राहील एवढंच पाणी.

कोरड्या बाजूला ओलं गोणपाट अंथरलं आणि फुटक्या माठाचं एक मोठं खापर पालथं ठेवलं. आजारी बेडकाला लपायला जागा हवीच. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्याला भीती वाटते, आणि भ्यालेला बेडूक खातही नाही. टबावर जाळीदार कापड बांधलं. पंखा त्या बाजूला येऊ दिला नाही, कारण वाऱ्याने कातडी सुकते. ऊन तर नाहीच नाही.

पाणी पावसाचं. पाऊस नसला त्या दिवशी साठवणीतलं पाणी पसरट परातीत दोन दिवस उघडं ठेवून वापरलं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. रोज संध्याकाळी पाणी बदलायचं. हात लावायचाच झाला तर आधी साध्या पाण्याने धुऊन ओले ठेवायचे. आणि नंतर? नंतर मात्र साबणाने स्वच्छ धुवायचे. कारण बेडकाच्या अंगावर असे जंतू असू शकतात की ज्यांनी आपलं पोट बिघडेल. म्हणजे आधीचं धुणं त्याच्यासाठी, नंतरचं आपल्यासाठी!

पहिले दोन दिवस टुण्या खापराखालून बाहेर आला नाही. शाळेत गेलं की दारातच मालक उभा. “बाई, हाय का?” एवढंच विचारायचा. ‘बरा आहे का’ असं विचारायचा धीर त्याला होत नव्हता. मी “आहे” म्हटलं की मान खाली घालून वर्गात जायचा.

तिसऱ्या दिवशी खाण्याचा विचार केला. भाकरी का खाल्ली नाही त्याने? कारण बेडकाला हलतं तेच खाणं वाटतं. समोर पडलेली भाकरी त्याच्या लेखी दगडासारखीच. मी वर्गात सांगताच मुलं म्हणाली, “बाई, मिरचीच्या वावरात ढिगानं किडे हायेत!” मी म्हटलं, “थांबा. त्या वावरात फवारणी झालीय का?” झाली होती. मग तिथले किडे चालणार नाहीत. विष खाल्लेला किडा बेडकाच्या पोटात गेला, तर विषही जाणार. शेवटी शाळेच्या मागच्या पडीक जागेतून मुलांनी दोन गांडुळं आणि एक नाकतोडा आणला.

त्या रात्री घरातले दिवे मालवून आम्ही लांबून पाहत बसलो. गांडूळ वळवळलं. खापराखालून एक नाक बाहेर आलं. बराच वेळ काहीच नाही. आणि मग फटकन जीभ! गांडूळ गायब! गिळताना टुण्याने दोन्ही डोळे मिटले. माझी दुसरीतली मुलगी म्हणाली, “आई, त्याला आवडलं म्हणून डोळे मिटले.” खरं कारण वेगळंच आहे. बेडूक गिळताना डोळ्यांची बुबुळं आत ओढतो आणि त्यांनी घास घशाकडे ढकलतो. म्हणजे तो डोळ्यांनीही जेवतो!

दुसऱ्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मालकाला मी विचारण्याआधीच सांगितलं, “जेवला रे!” तो पळतच वर्गात गेला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं.

बेडकांचं हॉटेल

त्या दिवसांत मी बेडकांच्या आजारांबद्दल मिळेल ते वाचत होते. वाचताना कळलं की बेडकांसाठी मोरीत दवाखाना उघडणारी मी एकटी नाही. काहींनी तर चक्क हॉटेलात उघडला होता!

अमेरिका खंडात पनामा नावाचा छोटा देश आहे. तिथल्या एल व्हाये गावाच्या आसपास सोनेरी पिवळा, चिमुकला बेडूक राहायचा. पनामाचे लोक त्याला शुभ मानतात, देशाचं चिन्ह मानतात. पण तिथे एक रोग पसरत येत होता. रोग कातडीचाच. ‘कायट्रिड’ नावाची एक बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. १९९८ साली शास्त्रज्ञांनी ती पहिल्यांदा ओळखली. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ते पाण्यात पोहतात. बुरशी लागली की कातडीला क्षार सांभाळता येत नाहीत, अंगातले क्षार कमी होतात आणि शेवटी बेडकाचं हृदय थांबतं. आजार कातडीचा आणि घाव हृदयावर! कातडी बेडकासाठी काय असते, ते यावरून कळेल.

२००६ साली ही बुरशी एल व्हायेला पोचली. बेडकांना वाचवण्यासाठी बांधायची इमारत तयार झालेली नव्हती. मग काय करावं? शास्त्रज्ञांनी गावातल्या एका हॉटेलच्या खोल्या घेतल्या आणि जंगलातून शेकडो बेडूक आणून तिथे ठेवले. माणसांच्या जागी बेडूक पाहुणे! त्यांना बुरशीच्या औषधाच्या पाण्याने आंघोळ, स्वच्छ डबे आणि खायला पकडून आणलेले किडे. थोड्याच वर्षांत रानातला सोनेरी बेडूक दिसेनासा झाला. आज तो सांभाळून वाढवलेल्या बेडकांच्या रूपाने उरला आहे. ती सगळी माणसं वेळीच धावली नसती, तर?

२०१९ साली शास्त्रज्ञांनी जगभरचा हिशेब मांडला. या बुरशीमुळे उभयचरांच्या, म्हणजे बेडूक आणि त्याच्या भाऊबंदांच्या, किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० जाती नाहीशा झाल्या असाव्यात. आपल्या सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांवरही ही बुरशी सापडल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्या अभ्यासात महाराष्ट्रातले संशोधक होते. आपल्याकडे पनामासारखे बेडूक पटापट मेल्याचं आढळलेलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण सावध राहायला हवं. एका तळ्यातला बेडूक पकडून दुसऱ्या तळ्यात सोडणं, एका डबक्याचं पाणी दुसऱ्यात ओतणं, चिखलाने भरलेल्या चपला तशाच घेऊन फिरणं, यांतून रोगही प्रवास करतो.

ही सगळी हकिकत मी वर्गात सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांची गोष्ट तर मुलांना फारच आवडली. या बुरशीला उष्णता सोसत नाही. म्हणून त्यांनी भोकांच्या विटा काळ्या रंगवल्या, रचून ठेवल्या आणि त्यांवर लहानसं पारदर्शक छप्पर घातलं. थंडीच्या दिवसांत आतल्या विटा उन्हाने तापतात. बेडूक आपणहून विटांच्या भोकांत जाऊन बसतात, शेकून निघतात आणि बुरशी मरते. बरे झालेले बेडूक पुढे त्या रोगाला जास्त चांगलं तोंड देतात. २०२४ साली हा प्रयोग जगासमोर आला.

“मग बाई, टुण्याला पण तापलेल्या विटेवर ठेवू!” एक जण लगेच म्हणाला.

“नाही रे बाबा! तो उपाय त्या बुरशीवरचा. टुण्या तर उन्हाने सुकेल. आणि तिथे बेडूक स्वतः आत जातो, नकोसं झालं की बाहेर येतो. आपण त्याला उचलून ठेवणार, मग त्याला निघता कसं येईल?”

मालक हळूच म्हणाला, “बरणीतून बी त्याला निघता येत नव्हतं.”

वर्ग गप्प झाला. मीही.

मालकाचा प्रश्न

सहाव्या दिवशी पाणी बदलताना टुण्याने माझ्या हातावरून उडी मारली आणि थेट स्वयंपाकघरात गेला. सासूबाई ओरडल्या, मुलगी टाळ्या पिटू लागली. मांड्यांची लाली गेली होती. कातडी ओली, तुकतुकीत झाली होती. उताणा केला की लगेच पालथा. आणखी तीन दिवस वाट पाहिली. मग वर्गात सांगितलं, “उद्या टुण्याला सोडायचं.”

मालक उभा राहिला. “बाई, आता मला कळलंय कसं ठेवायचं ते. पाणी बदलीन. गांडुळं आणीन. बरणीत नाही, टबात ठेवीन. मग काहून सोडायचं?”

प्रश्न बरोबर होता, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘बाई सांगतात म्हणून’ असं उत्तर त्याला देता आलं नसतं.

मी म्हटलं, “एक तर कायदा आहे. १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. रानातले प्राणी पकडून घरी पाळता येत नाहीत. त्यात बेडूकही आले. कारणही तसंच आहे. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी विकल्या जायच्या. त्यासाठी हेच मोठे बेडूक पकडत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ साली या व्यापाराविषयी सविस्तर लेख लिहिला. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. पिकावरचे किडे खाणारा शेतकऱ्याचा सोबती विकून कसं चालेल?”

“पण मी विकत नव्हतो, बाई. माझं त्याच्यावर प्रेम हाय.”

“माहीत आहे मला. आता असं सांग, या नऊ दिवसांत टुण्या एकदा तरी ओरडला का?”

त्याने मान हलवली. नाही.

“ओढ्यावर रात्री किती बेडूक ओरडतात! एकमेकांना बोलावतात. पावसाळ्यात त्यांची जोडी जमते, पाण्यात अंडी घातली जातात. पाऊस गेला की ते मऊ मातीत शिरून बसतात. यातलं टबात काय आहे? आपण त्याला पाणी देऊ, गांडूळ देऊ. पण ओढा कुठून देणार?”

तो खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “मग डबा म्या धरीन.”

टुण्या घरी गेला

दहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओढ्यावर गेलो. दुपारीच सर येऊन गेली होती, माती ओली होती. मोठी माणसं बरोबर होती, आणि मुलांना पाण्यापासून लांब उभं केलं होतं. तुम्हीही भरल्या ओढ्याजवळ एकटे कधी जाऊ नका. मालकाने नेमकी जागा दाखवली. बाभळीखालचा एक चपटा दगड.

त्याने डबा आडवा केला. टुण्या बाहेर आला आणि तसाच बसून राहिला. गळा खालीवर होत होता. कुणी बोललं नाही. मग एक लांब उडी, दुसरी उडी, आणि गवतात गडप.

“मागं वळून बी नाही पाहिलं त्यानं,” मालक म्हणाला.

“बरा झालेला पेशंट दवाखान्याकडे कुठे वळून बघतो!” मी म्हटलं. तो हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

त्या रात्री खूप पाऊस झाला. सकाळी वर्गात शिरताच मालक म्हणाला, “बाई, रात्री ओढ्यावर लई आवाज येत होता. त्यातला एक आपला होता.”

मी म्हटलं, “असेल.”

मुलांनो, प्रत्येक आजारी बेडूक टुण्यासारखा बरा होईलच असं नाही. कधी आपण सगळं नीट करूनही जीव वाचत नाही. पण जे करायचं ते नीट माहीत असावं. म्हणून एवढं वहीत लिहून ठेवा:

• उडी मारणारा, ओरडणारा बेडूक निरोगी आहे. त्याला पकडू नका, घरी आणू नका.

• घरात शिरून धुळीने माखलेला, सुकलेला बेडूक दिसला, तर ओल्या हाताने किंवा ओल्या फडक्याने अलगद उचला. क्लोरीन नसलेल्या पाण्याने ओला करा आणि जवळच्याच ओलसर, सावलीच्या जागी ठेवा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

• दिवसा उघड्यावर ढिला पडलेला, उताणा केला तर पालथा न होणारा, पाय लाल झालेला, सुजलेला किंवा कातडीची सालपटं निघणारा बेडूक आजारी समजा. मोठ्या माणसांना सांगा. जनावरांचे डॉक्टर किंवा १९२६ क्रमांक गाठा.

• मलम, हळद, मीठ, साबण, डेटॉल यांतलं काहीही त्याच्या अंगाला लावू नका.

• भाकरी, भात, दूध देऊ नका. तोंड उघडून बळेच भरवू तर मुळीच नका.

• बरा झाला की जिथून आणला, तिथेच सोडा. दुसऱ्या ओढ्यात किंवा तळ्यात नाही.

• मेलेला बेडूक हाताने उचलू नका. एकाच जागी बरेच मेलेले दिसले, तर वनविभागाला जरूर कळवा.

• आणि शेवटी हात साबणाने स्वच्छ धुवा!

आमच्या वर्गात ती लोणच्याची बरणी अजून आहे. मालकाने ती घासून-पुसून आणून दिली. आता तिच्यात आम्ही खडू ठेवतो. झाकणाची तीन भोकं मात्र तशीच आहेत.